संगीतकाराचा वारसा जपताना : मुंबईतल्या कुटुंबांचे आणि रसिकांचे नेहमीचे प्रश्न

संगीतकाराच्या घरी टेप, वह्या, रेकॉर्ड आणि कागदपत्रे सांभाळणारे नातेवाईक, त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम करणारी मंडळे आणि संग्राहक यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. चित्रपटसंगीत, भावगीत, नाट्यसंगीत, लोकसंगीत यांपैकी काहीही असले तरी यातले बहुतेक सगळे लागू पडते.

जन्मशताब्दी दोन वर्षांवर आली आहे. आधी कार्यक्रम ठरवायचा की आधी संग्रह लावायचा?

आधी संग्रह. कार्यक्रम पुढच्या वर्षीही करता येतो, टेप तितकी थांबत नाही. पण त्याच्याही आधी माणसे. संगीतकाराबरोबर वाजवलेले वादक, सहायक, अरेंजर (वाद्यमेळ बांधून लिहून देणारे), कोरसमध्ये गायलेले गायक आज बहुधा ऐंशीच्या आसपास असतात. त्यांची मुलाखत हे पहिले काम. दुसरे काम नव्वदच्या दशकातल्या डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) आणि घरी ‘बर्न’ केलेल्या सीडी. डॅट वाजवणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत आणि लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उडतो. अशी सीडी एक दिवस निमूटपणे वाचायची बंद होते, आधी सूचना देत नाही. त्यानंतर कॅसेट आणि स्पूल (रिळावर गुंडाळलेली टेप). ७८ आरपीएमच्या तबकड्या आणि वह्या कोरड्या जागी असतील तर थोडा धीर धरू शकतात. लोक नेमके उलटे करतात, कारण तबकड्या दिसायला जुन्या आणि मौल्यवान वाटतात.

प्रकाशित गाणी तर सगळी इंटरनेटवर आहेत. मग घरात जपण्यासारखे वेगळे काय?

प्रकाशित गाणे म्हणजे चालीचे एक रूप. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. त्यामुळे अंतरा गाळणे, आलाप कापणे, लय थोडी चढी ठेवणे हे सर्रास व्हायचे. मूळ चाल किती पसरलेली होती हे कळते ते सिटिंगच्या कॅसेटवरून. तिथे संगीतकार पेटीवर बसून, डमी शब्द घालून, मुखड्याचे तीन-चार पर्याय गुणगुणत असतो. गायकाला जागा सांगत असतो, तबलजीला ठेका बदलायला लावतो. ऐकायला ही कॅसेट खरखरीत असते, पण संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू बहुधा हीच असते.

याशिवाय राखून ठेवायचे ते असे: चालीच्या वह्या, अरेंजरने लिहिलेले वाद्यांचे कागद, स्टुडिओचे व्हाउचर (त्यावर तारीख आणि वादकांची नावे असतात), आकाशवाणीची करारपत्रे, रेकॉर्ड कंपनीचे करार आणि रॉयल्टीचे हिशेब, पत्रे, डायऱ्या, गाण्यांच्या पुस्तिका, फोटो. फोटोच्या मागचा मजकूरही स्कॅन करा. आणि हो, पेटी. ती दुरुस्तीला देण्याआधी प्रत्येक पट्टी पाच-पाच सेकंद दाबून तिचा सूर ध्वनिमुद्रित करून ठेवा. एकदा सूर नव्याने लावले की जुनी जुळणी गेलीच.

घरी जुना टेपरेकॉर्डर आहे. स्पूल लावून बघू का?

नको. निदान लगेच तरी नको. वीसेक वर्षे बंद असलेल्या यंत्राचे रबर कडक झालेले असते, हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) गंज किंवा चुंबकत्व साठलेले असते, ब्रेक एका बाजूने ओढतात. अशा यंत्रावर पहिलीच फेरी शेवटची ठरू शकते.

आधी टेप कशाची आहे ते ओळखा. स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती बहुधा ॲसिटेटची, काळपट दिसली तर पॉलिएस्टरची. ॲसिटेट टेप तुटते तेव्हा स्वच्छ तुटते आणि नीट जोडता येते. पॉलिएस्टर ताणली जाते, आणि ताणलेला भाग पुन्हा सरळ होत नाही. मग खोक्यावरचे लिखाण बघा: वेग (सेकंदाला पावणेचार, साडेसात की पंधरा इंच), ट्रॅक किती, फुटेज किती. १२०० फुटांची टेप साडेसातच्या वेगाने ३२ मिनिटे चालते. हा हिशेब आधी केला की स्टुडिओत किती वेळ लागेल ते कळते. घरगुती यंत्रांवर बऱ्याचदा चार ट्रॅकवर, दोन्ही दिशांनी मुद्रण केलेले असते. अशी टेप स्टुडिओच्या पूर्ण ट्रॅकच्या हेडवर लावली तर एक गाणे सुलटे आणि दुसरे उलटे, दोन्ही एकदम ऐकू येतात. टेप खराब झाली असे समजून ती टाकून देऊ नका.

टेपला व्हिनेगरसारखा वास येतो. दुसरी एक टेप चिकट झाली आहे आणि वाजताना किंचाळते. दोन्हीला इलाज एकच का?

नाही, आणि या दोहोंत गल्लत झाली तर नुकसान होते. आंबट वास म्हणजे ॲसिटेटचा पाया विघटित होतो आहे. ही क्रिया परत फिरवता येत नाही, फक्त थंड आणि कोरड्या जागी मंदावते. त्या टेप बाकीच्यांपासून वेगळ्या करा, कारण त्यांतून सुटणारी आम्लाची वाफ शेजारच्या टेपनाही लागते. त्यांचे डिजिटायझेशन रांगेत सर्वांत पुढे घ्या.

चिकटपणा हा मुख्यतः सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पॉलिएस्टर टेपचा आजार. चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर हवेतली आर्द्रता शोषतो, आणि मुंबईत आर्द्रतेला तोटा नाही. अशी टेप ५० ते ५५ अंश सेल्सिअसला काही तास, रुंद टेप असेल तर जास्त वेळ, नियंत्रित उष्णतेत ‘भाजली’ की काही आठवडे नीट वाजते. तेवढ्या अवधीत उतरवून घ्यायची. हे काम तापमान स्थिर राखणाऱ्या उपकरणातच होते. स्वयंपाकघरातला ओव्हन वीस अंश इकडेतिकडे सहज जातो. ॲसिटेट टेप मात्र कधीही भाजू नये.

कॅसेट अडकते, आवाज दबलेला येतो.

आतला स्पंजचा छोटा पॅड गळून पडला असेल तर आवाज पुसट होतो. स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटच्या नव्या रिकाम्या खोक्यात टेप हलवली की बहुतेक कॅसेट चालतात. जुने खोके चिकटवलेले असेल तर ते शिवणीवर हलकेच फोडावे लागते. लेबल आणि कार्ड जपून ठेवा. दबलेल्या आवाजाचे दुसरे कारण हेडचा कोन. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याचा कोन तुमच्या यंत्राशी जुळत नसतो. मोनोमध्ये ऐकत हेडचा स्क्रू अगदी थोडा फिरवायचा आणि टाळ किंवा झांज सर्वांत स्पष्ट येते तिथे थांबायचे. प्रत्येक कॅसेटला, कधी प्रत्येक बाजूला, हे पुन्हा करावे लागते. कंटाळवाणे काम आहे, पण नंतर संगणकावर कितीही ‘ट्रेबल’ वाढवले तरी इथे गेलेले परत येत नाही.

७८ आरपीएमची तबकडी कशाने पुसायची?

ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात सौम्य द्रव साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, लेबल कोरडे ठेवून. स्पिरिट, अल्कोहोल किंवा सॅनिटायझर लावू नका, शेलॅक (या तबकड्यांतली लाख) त्यात विरघळते. वाजवताना एलपीची सुई चालत नाही. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीला एक मिलपेक्षाही बारीक. बारीक सुई खाचेच्या तळातल्या घाणीत फिरते आणि नुसती खरखर देते.

कोणत्या स्वरूपात उतरवायचे? जागा किती लागेल?

मूळ प्रत: वेव्ह फाइल, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओच्या एका तासाला साधारण दोन जीबी लागतात. म्हणजे शंभर तासांचा संग्रह २०० जीबीच्या आसपास. आज ही अडचण राहिलेली नाही, म्हणून थेट एमपी३ करून जागा वाचवण्यात काही अर्थ नाही. आवाजाची सर्वांत उंच पातळी शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील असे बघा.

मूळ प्रतीवर खरखर काढणे, कापणे, आवाज समान करणे यांतले काहीही करायचे नाही. मध्ये कुणी खोकले, चहाचे कप वाजले, तरी राहू द्या. दोन टेकच्या मधल्या बोलण्यातच कित्येकदा चालीचा इतिहास सापडतो. स्वच्छता करायची ती ऐकण्याच्या वेगळ्या प्रतीत, आणि तिथेही हात आखडता ठेवून. खरखर काढणारे सॉफ्टवेअर जास्त चालवले की तानपुऱ्याची जवारी आणि बासरीची फुंकर आधी जाते.

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. दादरच्या घरात एक आणि त्याच इमारतीत काकांकडे दुसरी, ही एकच प्रत धरा. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली तर बदलणारा आकडा) काढून यादीत लिहा आणि वर्षातून एकदा पडताळा. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

उतरवलेल्या गाण्याची पट्टी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी येते. खरी कोणती?

मुद्रण करणारे किंवा वाजवणारे यंत्र वेगात चुकले असणार. रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण ऐकू येत असेल तर संगणकावर तिची वारंवारता मोजा. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असायला हवी. ४८ दिसली तर टेप चार टक्के हळू चालते आहे आणि सूर सुमारे पाऊण पट्टी उतरलेला आहे. पूर्वी आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारताही खालीवर व्हायची, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. त्याच काळातल्या दुसऱ्या टेपशी, घरच्या पेटीशी, गायकाच्या नेहमीच्या पट्टीशी ताडून बघा. दुरुस्ती ऐकण्याच्या प्रतीत करा आणि किती टक्के केली ते लिहून ठेवा.

वहीतली चाल भातखंडे पद्धतीत आहे, काही पाने इंग्रजी स्टाफ नोटेशनची आहेत. दोन्ही एकाच पद्धतीत लिहून घ्यावीत का?

आधी आहे तशी रंगीत स्कॅन करा: ४०० डीपीआय, पेन्सिलीची खूण असेल तर ६००, टिफ स्वरूपात. कोऱ्या पानांसह, मुखपृष्ठासह, पानांचा क्रम न मोडता. पेन्सिलीने खोडलेले स्वर हा चालीचा आधीचा मसुदा असतो.

मग लेखन. भातखंडे पद्धतीत मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. पलुस्करांच्या पद्धतीतल्या खुणा वेगळ्या आहेत, त्यामुळे कोणती पद्धत हे आधी ठरवा, नाहीतर कोमल-शुद्ध उलटेपालटे होते. खुद्द संगीतकारांनीच घरगुती खुणा केलेल्या असतील तर ध्वनिमुद्रण उपलब्ध असलेल्या एका गाण्यावरून त्यांची किल्ली बनवा. प्रत्येक गाण्याला पट्टी, ताल, ठेका (नुसते ‘केरवा’ पुरत नाही, कोणत्या वजनाचा ते लिहा), लय आणि समेची जागा नोंदवा.

स्टाफ नोटेशनचे कागद बहुधा गोव्याकडच्या अरेंजर-वादकांच्या हातचे असतात. त्यात एक सापळा आहे. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचे कागद बहुधा बी-फ्लॅटसाठी, आल्टो सॅक्सोफोनचे ई-फ्लॅटसाठी स्वर बदलून लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे कीबोर्डवर वाजवले तर म्युझिक पीस (गाण्यातला नुसत्या वाद्यांचा तुकडा) भलत्याच पट्टीत येतो आणि ‘कागद चुकीचे आहेत’ असा निष्कर्ष निघतो. आधी व्हायोलिनचा कागद बघा, तो मूळ पट्टीत असतो.

पावसाळ्यात बुरशी येते. घरात ठेवायचे तरी कुठे?

माळ्यावर नाही, न्हाणीघराच्या भिंतीला लागून नाही, पश्चिमेच्या ओल येणाऱ्या भिंतीला तर नाहीच. स्टीलचे कपाट, भिंतीपासून चार बोटे दूर, जमिनीपासून वीतभर वर. तळमजल्यावर किंवा तळघरात काही ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, एवढे आठवले तरी पुरे. कपाटात रंग बदलणारे सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक ठेवा. काटा साठच्या वर राहू लागला की जेल बदला किंवा गरम करून कोरडे करा. दिवसा एसी आणि रात्री बंद, हे सगळ्यात वाईट. त्या चढउताराने दव धरते. आर्द्रता शोषणारे डिह्युमिडिफायर एसीपेक्षा उपयोगी. डांबराच्या गोळ्या टेप-रेकॉर्डजवळ नकोत.

स्पूल आणि तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या चळतीत नाही. स्पूल वाजवून झाल्यावर रिवाइंड न करता, शेवटचे टोक बाहेर राहील अशी ठेवावी, म्हणजे एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटला तरी तो मूळ आवाजाच्या मागे, प्रतिध्वनीसारखा येतो आणि कानाला कमी खुपतो. वह्यांवरचे रबरबँड, टाचण्या आणि सेलोटेप काढा. लॅमिनेशन कधीच नको. बुरशी दिसलीच तर ती वस्तू वेगळ्या पिशवीत, मास्क लावून, आणि ती टेप साफ होईपर्यंत यंत्रावर नको.

जुन्या वादकांना काय विचारायचे?

‘त्यांच्याबद्दल काही सांगा’ असे विचारले की गौरवपर भाषण मिळते. गाणे लावा आणि बोट ठेवून विचारा: हा मेंडोलिन कुणाचा? किती व्हायोलिन होती? हा पीस नोटेशनवरून वाजवला की तोंडी सांगितला? माइक किती होते, गायक कुठे उभा होता? टेक कितवा? तास-सव्वा तासापेक्षा जास्त बसू नका, पंखा बंद ठेवा (मार्च ते मे सकाळी लवकर जा) आणि वाद्य जवळ असेल तर हातात द्या. बोटांना जास्त आठवते. मुलाखत कुठे वापरणार याची लेखी संमती त्याच दिवशी घ्या.

चालींचे हक्क कुणाकडे असतात?

एका गाण्यात किमान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चालीचा हक्क गीतकाराच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यांच्या चाली २०१५ अखेर मुक्त झाल्या. वसंत देसाई १९७५ मध्ये गेले, त्यांच्या बाबतीत ती मुदत २०३५ अखेर संपते. श्रीनिवास खळे यांच्या बाबतीत २०७१ अखेर. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे मात्र प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. त्यामुळे १९६० ची तबकडी ध्वनिमुद्रण म्हणून मुक्त झाली, पण तिच्यातली चाल आणि कविता अजून हक्काखाली असू शकते. चाल मुक्त आणि कवी हयात, असेही होते.

चित्रपटगीतांत गुंता जास्त. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, वेगळा करार नसेल तर, हक्क चित्रपटाच्या निर्मात्याकडे मानले जात. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही असे ठरवले. तो वाटा वारसांना मिळतो. म्हणून जुने करार फेकू नका आणि वकिलाला दाखवताना मूळ प्रत दाखवा.

रॉयल्टी कशी मिळते? आम्हाला तर कधी काही आले नाही.

इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, ही १९६९ पासूनची संस्था मुंबईतच आहे. वारसही सभासद होऊ शकतात. मृत्यूचा दाखला, वारसाहक्काचे कागद आणि गाण्यांची यादी लागते. खरी मेहनत यादीची. गाण्याचा मुखडा, चित्रपट वा अल्बम, वर्ष, गीतकार, गायक, कंपनी हे तबकडीच्या लेबलशी जुळवून भरा. नावाची वेगवेगळी रूपे आणि टोपणनावेही नोंदवा. नाव जुळले नाही म्हणून पैसे अडकून राहणे ही नेहमीची गोष्ट आहे. वारस तीन असतील तर आपसातली टक्केवारी आधी लेखी ठरवा.

कार्यक्रमाला कोणकोणते परवाने?

गाणी प्रत्यक्ष गायली जाणार असतील तर आयपीआरएसचा परवाना. मूळ ध्वनिमुद्रण वाजवणार असाल तर ज्याचे मुद्रण त्याचा वेगळा. हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर सादर केल्यास कायद्यात सवलत आहे, पण मानधन घेणारे कलाकार, प्रायोजक किंवा देणगी प्रवेशिका आल्या की ती गृहीत धरू नका. नाट्यगीताबरोबर प्रवेशही करणार असाल तर नाटककाराच्या वारसांची परवानगी हवी. पोलीस आणि रंगभूमी परवान्याचे नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला तारीख घेतानाच विचारा. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही.

कार्यक्रम बांधायचा कसा? दरवेळी तीच बारा गाणी होतात.

होणारच, कारण प्रेक्षक त्यांच्यासाठी येतो. ती ठेवा, पण त्यांच्या मध्ये पाच-सहा अशी घाला की ज्यांचा कागद किंवा सिटिंगची टेप तुमच्याकडे आहे. तीन तासांत, मध्यंतर धरून, वीस-बावीस गाण्यांपुढे जाऊ नका. निवेदन दीड मिनिटात बसले पाहिजे. विशेषणे काढली की सहज बसते. मूळ वाद्यमेळ शक्य नसेल तर काय कमी केले ते आधी ठरवा: म्युझिक पीसचे मुख्य स्वर ठेवायचे आणि भरणा कमी करायचा. सगळेच कीबोर्डवर टाकले की सतार, व्हायोलिन आणि बासरी एकाच पोताची ऐकू येतात. वादकांना कागद किमान पंधरा दिवस आधी द्या, दोन तालमी पूर्ण संचासह घ्या. शिवाजी मंदिर असो, दीनानाथ असो की रवींद्र नाट्य मंदिर, ध्वनिव्यवस्था तपासायला दोन-अडीच तास हवेतच. आधीचा प्रयोग संपल्यावर तेवढा वेळ मिळतो का ते तारीख घेतानाच पाहा. पत्रिकेत अरेंजर आणि मूळ वादकांची नावे छापा. आणि कार्यक्रमाचेही स्वच्छ ध्वनिमुद्रण करून, तारखेसह, त्याच संग्रहात ठेवा.

संस्था नोंदवावी का?

पुरस्कार, देणग्या, शिष्यवृत्ती करायची असेल तर हो. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदली जाते. मुंबईतले धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय वरळीला आहे. दरवर्षीचे हिशेब आणि विश्वस्त बदलल्यावरचा बदल अर्ज वेळेवर गेला पाहिजे, बहुतेक न्यास इथेच अडकतात. नुसते डिजिटायझेशन करायचे असेल तर संस्थेची गरज नाही, कुटुंबातला एक जबाबदार माणूस पुरतो.

संग्रह एखाद्या संस्थेला द्यावा का?

घरात कुणी बघणारे नसेल तर अवश्य. चित्रपटाशी निगडित साहित्यासाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, संगीताच्या ध्वनिमुद्रणांसाठी नरिमन पॉइंटचे एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), पुस्तके आणि कागदांसाठी दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याकडे आधी चौकशी करा. देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या: वस्तूंची यादी, हक्क कुणाकडे राहणार, अभ्यासकांना ऐकायला मिळणार का, आणि डिजिटल प्रत कुटुंबाला कधी मिळणार. संग्रह फोडू नका. पत्रे एकीकडे आणि टेप दुसरीकडे गेल्या की दोन्ही अर्ध्या मुक्या होतात.

इमारत पुनर्विकासाला गेली आहे, महिन्याभरात घर रिकामे करायचे आहे. आता काय?

आधी प्रत्येक कपाटाचे, खणाचे, गठ्ठ्याचे जागेवरच मोबाइलवर फोटो घ्या. कुठे काय कशाशेजारी होते यावरून पुढे तारखा लागतात. मग खोक्यांना नंबर, खोक्यात काय ते कागदावर आणि तोच नंबर वहीत. टेप तिच्या मूळ डब्यातून काढू नका. रिकाम्या डब्यांवरही स्टुडिओचे नाव आणि तारीख असते, ते ठेवा. तबकड्यांचे खोके लहान घ्या. पंचवीस शेलॅक तबकड्यांचे ओझे पाच किलोच्या पुढे जाते आणि मोठे खोके तळातून फाटते. हे सामान मूव्हर्सच्या टेम्पोत पलंग-कपाटांखाली न घालता स्वतःच्या गाडीतून न्या. तात्पुरत्या भाड्याच्या घरात जागा नसेल तर चाळीतल्या ओळखीच्या खोलीपेक्षा वरच्या मजल्यावरचे नातेवाइकांचे कोरडे घर बरे. रद्दीवाल्याला बोलवायचे ते सर्वांत शेवटी, आणि ‘नुसती बिले आहेत’ म्हणून बाजूला टाकलेला गठ्ठा त्याआधी एकदा उघडून बघा. वादकांची नावे असलेली व्हाउचरे बहुधा त्यातच निघतात.